उसाची टिपरी रुजते, सफरचंदाची काडी का रुजत नाही?

उमरखेडच्या परिसरात, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत ऊस लावताना शेतकरी बी पेरत नाहीत. दोन किंवा तीन डोळ्यांचे उसाचे तुकडे, म्हणजे टिपऱ्या, सरीत आडव्या दाबायच्या आणि पाणी द्यायचे. दोन-चार आठवड्यांत कोंब वर येतात. शेवग्याचा फाटा कुंपणाला रोवला की रुजतो, जास्वंदीची काडीही लागते. हे सगळे मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. म्हणूनच बाजारात उष्ण हवेत येणाऱ्या सफरचंदांची रोपे दिसू लागल्यापासून वर्गात एक प्रश्न हमखास येतो: सफरचंदाची काडी आणून कुंडीत खोचली तर झाड येईल का?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, बहुधा येणार नाही. पण ‘नाही’ म्हणून प्रश्न मिटवला तर त्यातली गंमत हातची जाईल. एकच कृती उसात सहज साधते आणि सफरचंदात फसते, असे का?

आधी ऊस पाहू. शक्य असेल तर टिपरी हातात घेऊनच पुढचे वाचावे. पेराच्या सांध्यावर डोळा असतो. त्या डोळ्याच्या पातळीवर कांडीभोवती एक अरुंद पट्टा दिसतो आणि त्यात बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात. हे ठिपके म्हणजे मुळांचे तयार अंकुर. ऊस शेतात उभा असतानाच ते तयार होऊन थांबलेले असतात. ओल आणि ऊब मिळाली की त्यांतून मुळे बाहेर पडतात. ही मुळे बारीक आणि तात्पुरती असतात. काही आठवडे ती काम चालवतात, तोवर कोंबाच्या बुडाला त्याची स्वतःची जाड मुळे फुटतात. शिवाय कांडीत साखरेचा भरपूर साठा असतो. म्हणजे उसाच्या टिपरीजवळ मुळांची तयारीही असते आणि शिदोरीही.

सफरचंदाच्या काडीत डोळे असतात, पण बहुतेक जातींत असे तयार मूळ-अंकुर नसतात. तिथे मूळ नव्याने घडवावे लागते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. त्याच्या आसपासच्या काही पेशींनी आपले ठरलेले काम सोडून पुन्हा विभागायला लागायचे, त्यांचा पुंजका व्हायचा, त्यातून मुळाचे टोक घडायचे, त्याचा काडीतल्या जलवाहिन्यांशी जोड व्हायचा आणि मग ते साल फोडून बाहेर यायचे, असा हा लांबचा पल्ला आहे. झाड वयाने जितके मोठे, तितकी त्याच्या फांदीतल्या पेशींची ही क्षमता कमी होते. बियांपासून आलेल्या एक-दोन वर्षांच्या रोपाची काडी त्यामानाने लवकर रुजते. फळे देणाऱ्या जुन्या झाडाची काडी मात्र दाद देत नाही. अडचण अशी की आपल्याला नेमकी त्याच झाडाची काडी हवी असते, कारण फळ चांगले आहे हे त्याच झाडाबद्दल ठाऊक असते.

इथे एक फसगत नेहमी होते. काडी लावल्यावर थोड्या दिवसांत डोळे उमलतात, हिरवी पाने दिसतात आणि लावणारा खूश होतो. पण पान फुटले म्हणजे मूळ फुटले असे नाही. पाने काडीतल्या साठ्यावर उमललेली असतात. ती उमलताच त्यांतून पाणी उडू लागते, खालून पुरवठा करायला मूळ नसते, आणि काडी सुकते. काडी बटाट्यात खोचण्याची युक्ती बरेच जण सांगतात. बटाट्याची ओल काडीला काही दिवस ताजी ठेवील, पण जे मूळ-अंकुर काडीत नाहीतच ते बटाटा कुठून देणार? पुढे बटाटा कुजतो आणि काडीच्या बुडाला बुरशी लागते.

मूळ फुटावे असा निरोप काडीला कुठून मिळतो? वरच्या डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शेंड्याकडून बुडाकडे वाहत जाते. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी १९२०च्या दशकात ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून त्याचे अस्तित्व दाखवून दिले. काडी कापली की हे द्रव्य कापलेल्या खालच्या टोकाशी साचते आणि तिथेच मुळे फुटण्याचा संभव वाढतो. काडी उलटी टांगली तरी मुळे मूळच्या खालच्या टोकाकडेच येऊ पाहतात. काडीला वर-खाली कळते ते जमिनीवरून नव्हे, आपल्या आतल्या रचनेवरून. रोपवाटिकेत काड्यांना लावतात त्या पावडरीत असेच एक द्रव्य असते, इंडोल ब्युटिरिक आम्ल. गुलाब, डाळिंब यांना त्याचा चांगला उपयोग होतो. सफरचंदाच्या काही जातींतही थोडेफार यश मिळते, पण निरोप पोचला तरी तो ऐकणाऱ्या पेशी असाव्या लागतात.

मग जगभर सफरचंदाच्या बागा उभ्या राहिल्या कशा? बियांपासून नव्हे. सफरचंदाच्या फुलाला सहसा दुसऱ्या जातीचे पराग लागतात, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सरमिसळ असते. गोड फळाच्या बीपासून आंबट, बारीक फळांचे झाड येण्याचीच शक्यता अधिक. क्वचित त्यातून नशीब उघडते. इंग्लंडमधील साउथवेल गावी १८०९ मध्ये एका मुलीने लावलेल्या बियांतून ‘ब्रॅमली’ हे प्रसिद्ध सफरचंद आले. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांच्या परसात टाकलेल्या बियांतून एक रोप उगवले आणि सखल, उष्ण भागात असूनही २००१ मध्ये त्याला फळे धरली. तीच ‘एचआरएमएन-९९’ ही जात. पण अशा एका झाडाची हजारो झाडे करायची तर कलमच बांधावे लागते.

विदर्भातल्या वाचकांना हे परके नाही. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, तसाच सफरचंदाचा डोळा किंवा काडी दुसऱ्या सफरचंदाच्या खुंटावर बसवतात. दोघांचे कँबियम एकमेकांना भिडले की जोड जमतो. मूळ फुटण्याची अडचण येते, पण ती खुंटाच्या वाट्याला जाते. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे १९१३ साली संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे रोनाल्ड हॅटन यांनी युरोपातल्या खुंटांची छाननी करून त्यांना क्रमांक दिले. त्यांतला ‘एम-९’ आज ठेंगण्या बागांचा आधार आहे. हे खुंट वाढवतात तेही सहसा सुट्या काडीने नव्हे. मातृझाड जमिनीलगत छाटतात आणि नव्या फुटव्यांच्या बुडाशी माती किंवा लाकडाचा भुसा चढवतात. अंधारात साल कोवळी राहते, पाणी आईकडून मिळतच असते, आणि मुळे सवडीने फुटतात. मुळे आल्यावरच फुटवा तोडतात. आमच्या मते सफरचंदाचा सगळा पेच या एका युक्तीत दिसतो: आधी मूळ, मग ताटातूट.

खुंटाचे आणखीही उपयोग आहेत. २००२ नंतर महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी माव्याने केलेला कहर अनेकांना आठवत असेल. सफरचंदालाही लोकरी मावा असतो, कीड वेगळी पण रूप तेच, आणि तो मुळांवरही राहतो. ईस्ट मॉलिंग आणि मर्टन येथील संशोधकांनी त्याला दाद न देणारे ‘एमएम’ खुंट तयार केले. काडी रुजवून स्वतःच्या मुळांवर वाढवलेल्या झाडाला हे संरक्षण मिळत नाही. ते झाड मोठेही फार होते आणि फळाला उशीर लावते.

उमरखेडसाठी मात्र याहून मोठा प्रश्न थंडीचा आहे. सफरचंदाचे डोळे हिवाळ्यात झोपी जातात आणि पुरेशी थंडी मोजल्याखेरीज नीट जागे होत नाहीत. काश्मीर-हिमाचलातल्या नेहमीच्या जातींना सुमारे ७ अंशांखालचे हजारभर तास लागतात. उमरखेडला थंडीच्या लाटेतल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर पारा इतका उतरत नाही. म्हणून इकडे लावायचेच तर ‘अॅना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ किंवा ‘एचआरएमएन-९९’ अशा कमी थंडीवर भागणाऱ्या जातींचा विचार करावा. त्यातही एक गोष्ट विसरू नये. एकाच झाडापासून केलेली शंभर कलमे म्हणजे परागीभवनाच्या दृष्टीने एकच झाड. ‘अॅना’ला फळे धरायला ‘डॉर्सेट गोल्डन’सारखा शेजार लागतो. रोप विकत घेताना जात कोणती, खुंट कोणता आणि सोबतीला काय लावायचे, हे तीन प्रश्न विचारावेत. विक्रेत्याला उत्तरे देता आली नाहीत तर पैसे खिशातच बरे. परसातली दोन-चार झाडे हौसेने लावावीत, एकरभर बाग मात्र घाईने लावू नये.

काडीने केलेली लागवड एक धोकाही सोबत आणते. काडीबरोबर रोगही जातो. उसाची काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनच पसरतात, म्हणून निरोगी बेणेमळ्याचे बेणे घ्यायचे आणि त्यावर उष्ण हवेची प्रक्रिया करायची. नवी जात हवी असेल तर मात्र उसालाही बियांकडेच वळावे लागते. कोइमतूरचे ‘को ८६०३२’ किंवा पाडेगावचे ‘फुले २६५’ हे आधी तुऱ्यातल्या बियांतूनच निवडले गेले आणि मग टिपरीने शेतोशेत पोचले.

वर्गात करून पाहायला सफरचंदच हवे असे नाही. रुजायला कुरकुरणारी काडी म्हणून आंब्याची चालेल. पावसाळ्याच्या सुरुवातीला ऊस, जास्वंद, शेवगा आणि आंबा यांच्या प्रत्येकी वीस काड्या ओल्या रेतीत सावलीत लावाव्यात. उसाच्या आणखी दहा टिपऱ्यांचे डोळे चाकूने कोरून टाकावेत आणि जास्वंदीच्या दहा काड्या उलट्या लावाव्यात. दर आठवड्याला प्रत्येक गटातली एक काडी उपटून पाहावी आणि वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत, पान दिसल्याची तारीख आणि मूळ दिसल्याची तारीख. डोळा काढलेल्या टिपरीला मूळ येईल का, याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्यावा. उपटलेली काडी पुन्हा लावू नये, ओढताना तुटलेली बारीक मुळे पुढच्या नोंदीत गोंधळ करतात.