शंभर शब्दांची वही



भाषाशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी निपाणीत पस्तीस वर्षे होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारा माणूस. पण आमच्या शास्त्रातली एक सवय भाषेच्या कामाला उपयोगी पडते. हानेमान 'ऑर्गेनॉन'मध्ये सांगतात की रोग्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि ज्याचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' येईल असा प्रश्न विचारू नये. कळ येते, ठणकते, चमक मारते, मुंग्या येतात. या सगळ्यांना मी 'पेन' असे लिहिले तर औषध चुकते.

काही वर्षांपूर्वी कणग्या-डाली विणणारी एक कैकाडी आजी गुडघ्यासाठी माझ्याकडे येऊ लागली. नातीशी ती जे बोलायची ते मराठी नव्हते, कन्नडही नव्हते. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात कैकाडी तमिळच्या घरात घातलेली आहे. म्हटले, हिचे शंभर शब्द उतरवून घ्यावेत.

शंभरच का? मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन अभ्यासकाने १९५०च्या दशकात मूलभूत शब्दांची यादी केली; आधी दोनशेच्या आसपास, पुढे छाटून शंभर. हात, डोळा, पाणी, अग्नी, खाणे, येणे, मी, तू, एक, दोन. वस्तूंची नावे बाजाराबरोबर येतात-जातात; हे घरगुती शब्द सहसा सहज बदलत नाहीत, असा त्यामागचा विचार.

पण तयार यादी जशीच्या तशी चालत नाही. मोठ्या यादीत हिम आहे, गोठणे आहे. निपाणीत बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा! उलट 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तिथे नाही. मराठी माणूस दोन्ही विचारील. कन्नडमध्ये 'नावु' एकच, त्यामुळे कन्नड विचारणाऱ्याला हा प्रश्न सुचेलच असे नाही. नात्यांचे तसेच. कन्नडमध्ये 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही, कारण मामाची मुलगी करायची आपल्याकडची रीत. म्हणून 'आईचा भाऊ' आणि 'बायकोचा बाप' हे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. उत्तर एकच आले, तर तीही माहितीच.

पहिल्या दिवशी मी बोट दाखवून विचारत गेलो. हाताकडे बोट केले तर आजी मनगटाचे नाव सांगते की दुखण्याचे, काही कळेना. शिवाय अर्धे शब्द मराठीच येत होते. नात हसून म्हणाली, "डॉक्टर, तुमाला कळावं म्हणून ती मराठीत सांगत्या." आमचा रोगीही असाच असतो. डॉक्टरला आवडेल ते सांगतो. मग मी यादी बाजूला ठेवली आणि चूल कशी पेटवतात ते तिला तिच्या बोलीत नातीला सांगायला लावले. लाकूड, राख, धूर, पाणी, सगळे आपोआप आले.

लिपीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. द्राविडी भाषांत ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' वेगळे असतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ओ'ने 'दे', दीर्घ 'ओ'ने 'शिंग'. देवनागरीत दोन्ही 'कोडु'च. म्हणून मी उच्चार कन्नड लिपीत आणि अर्थ मराठीत लिहिला. दोन लिप्या येणे हे आपल्या भागात भांडणाचे कारण होते. या वहीत त्याचा फायदा झाला.

यादीतून काय निघते याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडची निहाली. बोलणारे दोन-अडीच हजार. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ साली आला. निहालीत पाणी म्हणजे 'जोप्पो', अग्नी म्हणजे 'आपो'. आता आकडे ऐका : बिडुम, इरार, मोथो, नालो. आपल्यातल्या कुणालाही लगेच 'एरडु, मूरु, नाल्कु' आठवेल. पण 'बिडुम' कुठेच बसत नाही, आणि पाच तर सरळ 'पाचो'. आकडे यादीत असले तरी उसने घेतले जातात, हे इथे दिसते. शेजारच्या कोरकूचे, मराठी-हिंदीचे, द्राविडी असे शब्द वजा केले तरी कायपरच्या हिशेबाने सुमारे चतुर्थांश शब्द असे उरले, ज्यांचे नाते कुणाशीच जुळत नाही. म्हणून तिला एकटी भाषा मानतात. वही नसती तर ती कोरकूची एक बोली म्हणून गेली असती.

माझी वही त्रेसष्ट शब्दांवर थांबली. आजीने एके दिवशी विचारले, "ह्ये कुणासाठी लिवतायसा?" मला उत्तर सुचले नाही. कैकाडी समाजावर इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीचा शिक्का होता. तो कायदा १९५२ साली गेला. तिच्या आईबापांच्या काळी परक्याला न कळणारी बोली ही अंगावरची चादर होती, आणि तीच बोली ऐकून शिपाई हटकायचा. घरातले शब्द लिहा, म्हणाली, वाटेवरचे नको. मी तसेच केले. ते शब्द आज इथे वाचून दाखवत नाही, कारण तशी तिची परवानगी मी घेतलेली नाही.

वहीची एक प्रत नातीकडे आहे. तिने माझे पाच शब्द खोडून दुरुस्त केले आहेत, आणि त्याखाली तिच्या अक्षरात नवे अकरा लिहिले आहेत.