सासूबाईंची मूठ आणि सुट्टीतलं लोणचं

मैत्रिणींनो, मे महिना लागला की घरात दोन गोष्टींचा सुळसुळाट होतो. एक कैऱ्यांचा आणि दुसरा मुलांचा! दप्तरं माळ्यावर गेलेली असतात, बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दारात प्रश्न येतो, "आई, आता काय करू?" हातात मोबाईल दिला की घर शांत होतं खरं, पण आपल्या मनाला काही ते पटत नाही. त्यातच लोणची, पापड्या, मसाले अशी वर्षाची बेगमीही याच दिवसांत करायची असते.

गेल्या सुट्टीत आमच्या घरी ही दोन्ही कामं एकत्र झाली. त्यातून मुलांना काय मिळालं आणि मला काय मिळालं, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे. सोबत मापंही देते, म्हणजे तुम्हांलाही करून पाहता येईल.

मिठाच्या गावात

आम्ही राहतो भाईंदरला. मीरा-भाईंदर म्हटलं की आता इमारतींची दाटीच डोळ्यांपुढे येते. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. जागेच्या शोधात मुंबईतल्या चाळींतून बाहेर पडलेली कितीतरी बिऱ्हाडं इथे स्थिरावली. माझं सासरही त्यांतलंच, गिरगावातून आलेलं. पण खाडीकाठचं हे गाव मुळात मिठागरांचं बरं का! भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, एका कुंडातून दुसऱ्या कुंडात सोडत उन्हात आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की ते ओढून त्याची रास घालायची. पाऊस आला की हंगाम संपला. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरी समाजाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

इथल्या जुन्या गावांतून उन्हाळ्यात अजूनही हीच गडबड असते. उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत असतात, ख्रिस्ती घरांतून बाटली मसाल्याची तयारी चाललेली असते, राई-मुर्धा-मोर्व्याकडे आगरी मसाल्याची. सगळ्यांचं काम एकच. पावसाआधी पाण्याचा अंश काढून टाकायचा, म्हणजे पदार्थ टिकतो. आपलं लोणचं आणि आपल्या पापड्या तरी दुसरं काय आहेत?

फसलेलं लोणचं

आमच्याकडे लोणचं घालायचं ते सासूबाईंनीच. माझं काम फोडी पुसायचं आणि बरणी उचलून ठेवायचं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मी कधी माप विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं, "अगं, किलोला चार मुठी मीठ. बाकी अंदाजानं."

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. औषधपाण्याने जीव सावरला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात काही पहिल्यासारखा झाला नाही. त्या वर्षी लोणचं घातलंच नाही. पुढच्या मे महिन्यात मी पदर खोचला आणि तीन किलो राजापुरी कैऱ्या आणल्या. किलोला चार मुठी मीठ मोजून घातलं. रंग तर असा छान आला होता! गोकुळाष्टमीला बरणी उघडली, तर वर बुरशीची पांढरी साय. सगळं लोणचं टाकून द्यावं लागलं.

मैत्रिणींनो, पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळंच होतं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मीठ कमी पडलं गं." आणि मग हळूच, "आता माझं लोणचं काही पुन्हा व्हायचं नाही." एवढं बोलून त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. त्या दिवशी मला काही सुचेना. मी तर त्यांनी सांगितलं तसंच केलं होतं, मग चुकलं कुठे?

वजन मुठीचं

याचं उत्तर गेल्या सुट्टीत मिळालं, आणि तेही आमच्या थोरल्या मुलीमुळे. ती तेरा वर्षांची, धाकटा दहाचा. मी पुन्हा लोणच्याची तयारी करत होते. ती म्हणाली, "आई, चार मुठी म्हणजे किती ग्रॅम?" मी म्हटलं, "मुठीचे कुठे ग्रॅम असतात?" तिने ओट्यावरचा छोटा इलेक्ट्रिक काटा पुढे ओढला आणि म्हणाली, "घाल बघू मूठभर."

माझी मूठ भरली ३६ ग्रॅम. धाकट्याची २२. ह्यांची ६८! मुलं हसून लोळायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. चार मुठी सासूबाईंच्या सांगितल्या होत्या आणि मी घातल्या होत्या माझ्या.

मुलगी मिठाचा डबा घेऊन आजीजवळ गेली. "आजी, तुझी मूठ दे." सासूबाईंनी मान फिरवली. "ह्या हातात आता काय राहिलंय? मूठ वळत नाही माझी." पोरीने ते ऐकलंच नाही. तिने आजीचा उजवा तळवा आपल्या हातात उघडा धरला आणि धाकटा त्यावर चमच्याने खडे मीठ घालू लागला. मग नातीने आजीची बोटं एकेक करून मिटवली. सासूबाई आधी गप्प होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "थोडं काढ... अजून... हं, एवढंच." काट्यावर आलं ५१. पुन्हा केलं, ४९. तिसऱ्यांदा ५०.

बोटांतलं बळ गेलं होतं, पण माप कुठेही गेलं नव्हतं. चार मुठी म्हणजे २०० ग्रॅम. मी घातलं होतं १४४! सासूबाई काट्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बघ, आकडा आहे होय माझ्या अंदाजाला!"

तीन बरण्यांचा प्रयोग

एवढ्यावर गप्प बसतील तर ती मुलं कसली! ह्यांना रक्तदाबाचा त्रास, म्हणून ह्यांचं म्हणणं पडलं की लोणच्यात मीठ कमीच बरं. मग मुलांनी ठरवलं, परीक्षाच घ्यायची. काचेच्या तीन लहान बरण्या घेतल्या. प्रत्येकीत पाव किलो फोडी, मसाला आणि तेल सारखंच. मीठ मात्र एकीत २५ ग्रॅम, दुसरीत माझी मूठ म्हणजे ३६ ग्रॅम, तिसरीत आजीची मूठ म्हणजे ५० ग्रॅम. वर तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या आणि एक वही केली.

पहिल्या बरणीला तिसऱ्या आठवड्यात फेस आला आणि आंबूस वास सुटला. दुसरी श्रावणापर्यंत बरी होती, मग फोडी मऊ पडल्या आणि वर पांढरा पापुद्रा धरला. तिसरी बरणी संक्रांतीला संपली, तीही चांगली म्हणूनच. शेवटची फोडसुद्धा करकरीत होती.

असं का होतं? मीठ फोडींतलं पाणी बाहेर ओढतं आणि ते पाणी सूक्ष्म जंतूंच्या उपयोगाचं राहत नाही. मीठ कमी पडलं तर जंतूंचं फावतं. वरचं तेल हवा अडवतं, म्हणून बुरशीला वाढायला वाव मिळत नाही. आणि एक लक्षात ठेवा. बुरशी आलेलं लोणचं वरचा थर काढून खाऊ नका, चाखूनही बघू नका. बुरशीचे तंतू खोलवर गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

आमच्या सासूबाईंचं लोणचं

कैरीच्या फोडी १ किलो, खडे मीठ २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १०० ग्रॅम, लाल तिखट ७५ ग्रॅम, हळद २० ग्रॅम, मेथी १० ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, तेल ३०० मिलिलिटर.

कैऱ्या कडक आणि आत बाठ धरलेल्या घ्या. धुऊन, पुसून, मगच बाजारात अडकित्त्यावर फोडून आणा. फोडी कापडावर तासभर पसरा आणि एकेक कोरडी पुसा. मीठ उन्हात तापवून किंवा कढईत कोरडं भाजून, गार करून कुटा. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर हे हटकून करावं.

फोडींना मीठ आणि हळद चोळून एक दिवस झाकून ठेवा. सुटलेला खार टाकू नका, मीठ त्यातच असतं! मेथी चमचाभर तेलात तांबूस तळून कुटा. उरलेलं तेल धूर येईपर्यंत तापवून उतरवा. कोमट झालं की त्यातल्या थोड्या तेलात हिंग, तिखट, मोहरीची डाळ आणि मेथी कालवून गार करा, मग फोडींत मिसळा. बरणी गरम पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात वाळवा आणि निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी द्या. लोणचं भरून चौथ्या दिवशी उरलेलं गार तेल वर ओता. फोडी तेलाखाली बुडल्या पाहिजेत. ओला चमचा बरणीला लावायचा नाही, ही ताकीद घरातल्या सगळ्यांना द्या. यजमानांनासुद्धा!

रक्तदाब असलेल्यांचं काय? मोठ्या माणसाने दिवसाकाठी सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या लोणच्याच्या दहा ग्रॅमच्या फोडीत एक ग्रॅमहून थोडं जास्तच मीठ येतं. तेव्हा लोणच्यातलं मीठ कमी करू नका, ताटातलं लोणचं कमी करा. आमच्याकडे ह्यांना आता अर्धी फोड मिळते, आणि तीही एक दिवसाआड. आणि खडे मीठ लोणच्यापुरतंच ठेवा. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

मुलांचं मिठागर

लोणचं मुरेपर्यंत मुलांना आणखी एक उद्योग दिला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने अर्धा लिटर नळाच्या पाण्यात १८ ग्रॅम खडे मीठ विरघळवा. खाडीचं पाणी मात्र घरात आणू देऊ नका. हे पाणी दोन पसरट, गडद रंगाच्या प्लास्टिकच्या ट्रेंत ओता. स्टीलचं ताट नको, त्याला डाग पडतात. एक ट्रे उन्हात ठेवा, एक सावलीत. उन्हातलं पाणी लवकर आटतं आणि बारीक मीठ धरतं. सावलीतलं सावकाश आटतं, पण खडे मोठे येतात आणि चौकोनी दिसतात. आमच्या मुलांनी सगळं खरवडून वजन केलं तर १६ ग्रॅम भरलं. "दोन ग्रॅम कुठे गेले?" यावर अर्धा दिवस वाद चालला. ते ट्रेला चिकटलेले सापडले.

याच धड्याचा उपयोग साबुदाण्याच्या पापड्यांत झाला. पहिल्या घाण्याला मुलीने पीठ चाखून 'बरोब्बर' मीठ घातलं. वाळवून तळल्यावर पापड्या तोंडात धरवेनात! धाकटाच म्हणाला, "पाणी गेलं आणि मीठ राहिलं, ट्रेसारखं." तेव्हा प्रमाण लिहून घ्या. एक वाटी साबुदाणा रात्री भिजवा. सकाळी पाच वाट्या उकळत्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा. जिरं आणि फक्त पाऊण चहाचा चमचा मीठ घाला. पीठ अळणीच लागलं पाहिजे, कारण वाळताना ते पाच-सहापट आटतं. प्लास्टिकच्या कागदावर डावाने पापड्या घाला. वर जुनं मलमलचं पातळ ताणून बांधा, नाहीतर कबुतरांची मेजवानी व्हायची. सूर्य कलला की घरात आणा, संध्याकाळची खाडीवरची हवा त्यांना लागू देऊ नका. दोन-तीन कडक उन्हं पुरतात.

वहीत लिहून ठेवा

पाककृतींची मराठी पुस्तकं काही आजची नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. पुढे १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि चमच्या-वाटीच्या मापांनी कितीतरी नव्या नवऱ्यांची पंचाईत वाचली. पण मैत्रिणींनो, आपल्या घरची चव कुठल्याच पुस्तकात छापलेली नसते. ती कुणाच्या तरी मुठीत असते, आणि ती मूठ आपल्यासमोर कायम राहील असं आपण धरून चालतो.

म्हणून या सुट्टीत एवढं कराच. सासूबाई असोत, आई असो, आत्या असो, त्यांची मूठ, त्यांची चिमूट आणि त्यांची नेहमीची वाटी मुलांकरवी काट्यावर ठेवा. वहीत आकडा लिहा, नाव लिहा, तारीख लिहा. मुलांचा वेळ मजेत जाईल आणि म्हाताऱ्या माणसाला आपण अजून घराच्या उपयोगाचे आहोत असं वाटेल.

यंदा आम्ही पाच किलोचं घातलंय. सासूबाई खुर्चीवर बसून देखरेख करत होत्या. मी काट्यावर बरोबर एक किलो मीठ मोजलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने चिमूटभर उचलून वर टाकलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या काट्याला नाही कळायचं."

तेही मी वहीत लिहून ठेवलंय. चिमूट, डावा हात, ३ ग्रॅम.