नरनाळ्याचा एक दिवस
गेल्या हिवाळ्यात आम्ही नरनाळ्याला निघालो तेच दहा वाजता. उन्हात चढ, पाणी अर्ध्यावर संपलेले. आपांना चक्कर आली आणि महाकाली दरवाजा न पाहताच उतरावे लागले. चूक आमचीच.

यंदा अकोल्याहून फजर होताच निघणार. अकोटच्या पुढे पायथ्याला शहानूर. तिथे वनखात्याची परवानगी लागते. पायी कुठवर जाऊ देतात तेही तिथेच विचारून घ्यावे. मुलूख वाघाचा आहे, म्हणून सूर्य मावळण्याआधी खाली. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी, ठेचा. तलावाच्या पाण्यावर विसंबू नका, वुजूचेही सोबत न्या.

दरवाजा, शक्कर तलाव, नवगज तोफ आणि परत, एवढाच फेरा. पण दरवाज्याला वेळ ठेवा. वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने तो १४८७ साली बांधला. पुढे इमादशाही त्याचीच. दगडात कमळे आहेत आणि वर सुरेख अरबी लिपी. मुलींनी वही घेतली आहे, जमतील तेवढी अक्षरे उतरवणार.

आपा म्हणतात, ‘मी खालीच बसते.’ आम्ही त्यांच्यासाठी काठी घेऊन ठेवली आहे.