पेशींचा शेजारधर्म

कर्करोग म्हटला की बेबंद वाढीचे चित्र डोळ्यांपुढे येते. पेशी विभागत राहते, गाठ होते, गाठ पसरते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. गर्भ वाढताना, जखम भरून येताना पेशी झपाट्याने विभागतात, तरी कर्करोग होत नाही. आतड्याचे अस्तर तर चार-पाच दिवसांत नवे होते. तेव्हा ‘पेशी का वाढली?’ या प्रश्नाइतकाच ‘ती आपली जागा सोडून का निघाली?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. त्याचे एक उत्तर एका जपानी संशोधकाच्या चिकाटीतून आणि न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या दुःखातून मिळाले.

मासातोशी ताकेइची हे क्योतो विद्यापीठात पेशी एकमेकींना कशा चिकटतात याचा अभ्यास करीत होते. ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने पेशी सुट्या करायच्या आणि त्या पुन्हा एकत्र येतात का ते पाहायचे, अशी प्रयोगाची रीत. क्योतोत सुट्या केलेल्या पेशी झटकन जुळत. १९७०च्या दशकात ते अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कार्नेगी संस्थेत गेले, तेव्हा मात्र पेशी जुळेनात. फरक द्रावणात निघाला. तिथल्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारे ईडीटीए हे रसायन मिसळलेले होते. याचा अर्थ असा की, पेशीच्या पृष्ठभागावर चिकटण्याचे काम करणारे काहीतरी आहे आणि कॅल्शियम असेपर्यंतच ट्रिप्सिनपुढे त्याचा निभाव लागतो. हे काम १९७७मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्या प्रथिनाला ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले. शरीराच्या अस्तरांमध्ये आढळणारा त्याचा प्रकार म्हणजे ई-कॅडहेरिन.

या प्रथिनाची रचना पाहिली की त्याचे काम कळते. त्याचा एक भाग पेशीबाहेर असतो आणि शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला धरतो. कॅल्शियममुळे या भागाला ताठपणा येतो. आतले टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या तंतूंना, म्हणजे पेशीच्या सांगाड्याला, जोडलेले असते. अशा रीतीने एका पेशीचा सांगाडा शेजारणीच्या सांगाड्याशी बांधला जातो आणि अस्तर एकसंध राहते. शिवाय कॅटेनिनांपैकी बीटा-कॅटेनिन दुहेरी भूमिका करते. ते केंद्रकात शिरले तर वाढीची जनुके चालू करू शकते. ई-कॅडहेरिन त्यातले बरेचसे पेशीच्या कडेला अडकवून ठेवते. म्हणून या प्रथिनाला नुसती वीट समजून चालत नाही. वर कोणती बाजू, खाली कोणती, शेजारी कोण, याची खबरही पेशीला त्याच्यामार्फत मिळते.

हा दुवा तुटला तर काय होते, याचे उत्तर न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर मिळाले. तिथल्या एका माओरी ‘फानाउ’मध्ये (आपल्याकडे भावकी म्हणतो तसे विस्तारित कुटुंब) ३० वर्षांत सुमारे २५ जण जठराच्या कर्करोगाने गेले होते. त्यांत कोवळ्या वयाची मुलेही होती. कारण शोधायचेच, असे ठरवून कुटुंबच ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेले. वंशावळी आणि रक्ताचे नमुने यांवरून १९९८मध्ये कारण सापडले. सोळाव्या गुणसूत्रावरील, ई-कॅडहेरिन घडवणाऱ्या सीडीएच-१ या जनुकात बिघाड होता.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडलेली प्रत वारशाने आली तरी दुसरी काम निभावते. जठरातील एखाद्या पेशीत दुसरीही बंद पडली की ती पेशी अस्तरातून सुटून खाली उतरते. तिथे अशा पेशी गाठ न करता एकेकट्या पांगतात. म्हणूनच हा रोग दगा देतो. दुर्बिणीतून अस्तर गुळगुळीत दिसते आणि खाली रोग पसरत असतो. ज्यांच्यात बिघाड आढळला, त्यांच्यापैकी अनेकांनी निरोगी वाटत असतानाच संपूर्ण जठर काढून टाकले. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडायची, थोडे थोडे अनेकदा खायचे, ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर बाहेरून घ्यायचे, अशी ही किंमत आहे. काढलेल्या जठरांची तपासणी केली तेव्हा, दुर्बिणीला न दिसलेले रोगाचे बारीक ठिपके त्यांत पुष्कळदा सापडले. अशा कुटुंबांतील स्त्रियांना स्तनाच्या ‘लोब्युलर’ कर्करोगाचाही धोका असतो. पुढे अधिक कुटुंबांची पाहणी झाल्यावर धोक्याचे सुरुवातीचे अंदाज खाली आले. त्यामुळे काही जण आता नियमित तपासणीचा मार्ग घेतात.

तरीही ई-कॅडहेरिनला सरसकट रक्षक म्हणता येत नाही. स्तनकर्करोगाच्या अधिक आढळणाऱ्या प्रकारात पसरणाऱ्या पेशींवर ते बहुधा टिकून असते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की ते काढून टाकल्यावर अशा पेशी आजूबाजूला जास्त घुसतात, पण वाटेत मरतात आणि दूरच्या अवयवांत कमी रुजतात. एकच बंध घरी बांधून ठेवतो आणि प्रवासात सोबतही करतो. कोणत्या अवयवात, कोणत्या टप्प्यावर, हे विचारल्यावाचून त्याचा गुण-दोष ठरत नाही.

हरवलेले ई-कॅडहेरिन रुग्णाच्या पेशींना परत देणारे औषध अजून हाती नाही. त्या फानाउच्या पदरात पडले ते आधी कळण्याचे सामर्थ्य. बिघाड असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांना तो मिळालेला आहे, त्यांना वेळेत निर्णय घेता येतो. ज्यांना मिळालेला नाही, त्यांच्यासाठी एका रक्ततपासणीने घराण्याचे हे भय संपते, त्यांच्यापुरते आणि त्यांच्या मुलांपुरतेही.