पिग्मी एजंटला फोन, खतावणीला कॉम्प्युटर

पतसंस्थेत नवी प्रणाली बसवणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: कर्मचाऱ्यांसाठी कॉम्प्युटर घ्यावेत, की स्मार्टफोनवरच भागवावं? फोनमध्ये तेवढी ताकद असते का?

ताकदीची चिंता सोडा. फोनमधल्या एआरएम प्रोसेसरचा जन्मच मुळी टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी झाला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन यांनी त्याचा आज्ञासंच रचला, स्टीव्ह फर्बर यांनी आतली मांडणी केली. महागडं सिरॅमिक आवरण टाळायचं, तर चिपने एक वॉटहून कमी वीज खायला हवी होती. 26 एप्रिल 1985 ला पहिली चिप हाती आली आणि चालली. फर्बर यांनी वीज मोजायला मीटर लावला, तर आकडा शून्य! चिप मात्र काम करतेय. शोध घेतल्यावर कळलं, की बोर्डावर तिची वीजजोडणीच नव्हती. शेजारच्या सर्किटांच्या संकेततारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती. कितीदाही वाचला तरी हा किस्सा थरारून टाकतो. 2020 मध्ये अ‍ॅपलने लॅपटॉपमध्ये बसवलेली एम1 याच घराण्यातली. स्टीव्ह जॉब्ज सर्वांना ठाऊक, विल्सन यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, हा अन्यायच आहे.

खरा फरक उष्णतेचा आणि माणसाच्या बोटांचा. फोनला सहसा पंखा नसतो. जड काम लांबलं, की तापू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच मंदावतो. काचेवर कळ दाबल्याचं बोटाला नीट जाणवत नाही, त्यामुळे नजर अक्षरांवरच खिळते. शिवाय कीबोर्ड उघडला की पडद्याचा मोठा भाग झाकला जातो. दोन नोंदी शेजारी ठेवून ताळमेळ घालायचा कसा?

जागेवरच्या नोंदीला मात्र फोनच हवा. राज्यात 15 ऑगस्ट 2021 ला सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो घेतो आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासह पाठवतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला हे जमणार नाही.

म्हणून दारोदार फिरणाऱ्या पिग्मी एजंटला फोन द्या, आणि तो संस्थेचा द्या. सभासदांची माहिती कुणाच्या खासगी मोबाइलमध्ये राहू नये. खतावणी, कर्जप्रकरणं, ताळेबंद यांसाठी कॉम्प्युटरच घ्या. ‘सगळं मोबाइलवर होईल’ असं विक्रेता म्हणाला, तर करारावर सही करण्याआधी त्याला तुमच्यासमोर एक संपूर्ण कर्जअर्ज फोनवर भरायला लावा.