दोन चष्मे

भोरास आमच्या आत्याबाईंच्या माजघरांतील कोनाड्यांत रात्रीं दोन चष्मे शेजारींशेजारीं ठेवलेले असत. एक त्यांचा, दुसरा त्यांच्या नातीचा. दोन्ही जाडजूड. पण आत्याबाईंनीं आपला लावला कीं त्यांचे डोळे बशीएवढे दिसत, आणि नातीनें तिचा लावला कीं तिचे डोळे मण्याएवढे होत.

आत्याबाईंचा मोतीबिंदू 1978 सालीं एका शिबिरांत काढला. त्या काळीं अशा शिबिरांतून मोतीबिंदूबरोबर डोळ्यांतील नैसर्गिक भिंगहि जाई व त्याची जागा रिकामी राही; मग जन्मभर बहिर्गोल कांचांचा चष्मा. ती जागा भरण्याची युक्ति वास्तविक तत्पूर्वींच निघाली होती. दुसऱ्या महायुद्धांत कांहीं वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे कण शिरले, तरी डोळा त्यांनीं फारसा चिडत नाहीं, हें हॅरोल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्यानें हेरलें, आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग रोग्याच्या डोळ्यांत बसविलें. व्यवसायबंधूंनीं त्याला पुष्कळ वर्षें नांवेंच ठेवलीं! पुढें 1992 पासून मदुरेच्या ऑरोलॅबमध्यें स्वस्त भिंगें होऊं लागलीं. आज वेल्ह्याच्या (त्या तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे) डोंगरांतील म्हातारीसहि मोतीबिंदू काढतांनाच भिंग बसवितात.

नातीचें दुखणें निराळें. तिचा नंबर उणे तेरा. असा डोळा मागेंपुढें लांबट असतो, म्हणून प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. ती नसरापुरावरून वेल्ह्याच्या शाळेंत शिकवावयास जाई. एकदां आषाढाच्या पावसांत एस.टी.तून उतरतांना चष्मा चिखलांत पडला, तेव्हां स्वतःचा चष्मा तिला हातानें चांचपून शोधावा लागला.

पण घरच्यांना खरी काळजी होती लग्नाची. ‘आधीं लेझर करून टाका, मग स्थळें पाहूं, नंबराचा शब्द काढूं नका,’ असें मोठ्यांचें ठरलें. पुण्यास नेलें, तर डॉक्टर म्हणाले कीं, एवढा नंबर लेझरनें घालवावयाचा म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा फार झिजवावा लागेल. त्यापेक्षां भिंग बसवावें. हें आत्याबाईंना मिळालें नाहीं तें भिंग नव्हे, हें ध्यानांत घ्यावें. येथें नैसर्गिक भिंग जागच्या जागीं राहतें. त्याच्या पुढें व रंगीत पडद्याच्या मागें, सुमारें तीन मिलिमीटरच्या छेदांतून, घडी केलेलें मऊ भिंग सरकवितात. पुढें जरूर पडल्यास तें काढतांहि येतें. मात्र वय साधारण एकवीस पूर्ण हवें, नंबर वर्षभर स्थिर हवा, डोळ्यांत पुरेशी जागा हवी. खर्चहि मोठा. क्वचित् डोळ्यांतला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो, जंतुसंसर्गाचें भयहि असतेंच.

हें सर्व घरच्यांनीं ऐकलें. न ऐकलेंसें केलें तें पुढचें वाक्य: ‘नंबर जाईल, पण डोळा लांबटच राहील.’ अशा डोळ्याचें दृष्टिपटल ताणलेलें असतें, तें फाटण्याची वा सुटण्याची भीति शस्त्रक्रियेनें जात नाहीं. दरवर्षीं बाहुली मोठी करून तें तपासावयास हवें. एकाएकीं वीज चमकल्यासारखें वाटलें, काळे ठिपके उठले किंवा बाजूनें पडदा ओढल्यासारखें झालें, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशीं तिला समोरच्या इमारतीवरील पाटी चष्म्यावांचून वाचतां आली. त्यानंतर बोलणीं आलीं, आणि घरांत पुन्हा तोच विषय निघाला. तेव्हां ती शांतपणें म्हणाली, “सांगितलें नाहीं, तर दरवर्षीं तपासणीला जाऊं काय सांगून?” कोणापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीहि त्या वेळीं गप्पच बसलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. शेवटीं पाहण्याच्या दिवशीं तिनेंच मुलाच्या आईस सारें सांगितलें. एक स्थळ त्यावरून मोडलें. दुसरें जमलें.

आत्याबाई गेल्या, त्यांचा चष्मा अजून कोनाड्यांत आहे. नात वर्षांतून एकदां पुण्यास तपासणीला जाते. तो दिवस तिच्या सासूबाईच कालनिर्णयावर खूण करून ठेवतात.