वर्गशिक्षिकेचं नाव

कोर्टात मुलांसाठी वेगळी खोली असते, हे वकिली सुरू करेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. रंग उडालेली घसरगुंडी, एक चाक निखळलेला ट्रक, दाराशी सहीचं रजिस्टर. आई सही करून मुलाला आत सोडते आणि बाहेरच्या बाकावर बसते. वडील डब्यात जिलबी घेऊन आलेले. पहिली वीस मिनिटं मूल ट्रकशीच खेळतं. समुपदेशकबाई कोपऱ्यातून नुसतं पाहत असतात. न्यायाधीशांनी मागवला, तर त्यांचा अहवाल पुढे जातो.

माझे अशील ते वडील. मुलगा सहा वर्षांचा. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी वडील, त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सर्वसाधारणपणे आईकडे. अशील हेच कलम छापून घेऊन आले होते. 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगून टाकलंय, आणि तेराव्या कलमानुसार मुलाचं हित सगळ्यांच्या वर, हे त्यांना पटवण्यात माझा एक अख्खा दिवस गेला.

हित सिद्ध होतं ते बारीकसारीक गोष्टींतून: लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या डायरीवरच्या सह्या, आजारपणात रजा कुणी काढली. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय?" अशील छताकडे बघत राहिले.

न्यायाधीशांनी मुलाला चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं. दहा मिनिटांनी तो चॉकलेट चघळत बाहेर आला. आत काय बोलणं झालं, मला आजही माहीत नाही.

खरं तर निम्मा निकाल त्याआधीच लागला होता. अंतरिम आदेशानं मूल आईकडे होतं. वडिलांना एक शनिवार आड भेट, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत निम्मे दिवस. मग तारखांवर तारखा. दोन वर्षांत मुलाची शाळा, मित्र, डॉक्टर सगळं तिकडचं झालं. बसलेली घडी कुठलंही कोर्ट सहजासहजी मोडत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण मुलाच्या जागी बसून पाहिलं, की बोलवत नाही. अंतिम आदेश जवळपास तोच आला.

परिस्थिती बदलली, तर असा आदेश बदलून मागता येतो, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. तसा अर्ज घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली आधी शाळेत जाऊन यायला सांगते.